रोमातली भावकी आणि कोंबडीचा कौल

"सकाळधरना ही तांबडी दाण्याक चोच लावणा नाय गो," म्हणत काकीने गडग्यावर कोपर टेकलं. काकीने कोपर टेकलं की हातातला चहा निवणार, हे तोंडवलीत नव्याने राहायला येणाऱ्यालासुद्धा आठवडाभरात कळतं. खुराड्यापाशी तांबडी कोंबडी मान आत ओढून बसली होती. पुढ्यात तांदळाच्या कण्या तशाच. "परवा नारळी पौर्णिमा झाली, उद्या झील होडी लोटतलो. आणि आजच हेका असा बसाक होया?"

"काकी, तू रोमात असतंस ना, तर उद्या झिलाक होडी लोटूकच दिली नसती."

"रोमात? पोपाच्या गावात?"

"तोच गाव. पण पोप येवच्या आधीचो. तेवा थंय सरकारी कोंबडये होते."

दुसरं कोपरही गडग्यावर आलं.

सरकारी म्हणजे अगदी सरकारी. पिंजरा सरकारी, दाणे सरकारी, राखायला ठेवलेला माणूसही सरकारी. त्याला लॅटिनमध्ये पुल्लारियस म्हणत. फौज निघाली की पिंजरा तिच्याबरोबर निघायचा. लढाईच्या दिवशी पहाटे पुल्लारियस पिंजऱ्याचं दार उघडायचा आणि पुढे दाणे किंवा पिठाच्या घट्ट लापशीचे गोळे टाकायचा. कोंबड्या त्यावर तुटून पडल्या, इतक्या की चोचीतलं खाली सांडलं, तर देव राजी. बाहेरच आल्या नाहीत किंवा पंख फडफडवून पळाल्या, तर आज लढाई नाही. समोर शत्रू उभा असला तरी नाही.

"आणि कोणी आयकला नाय तर?"

"एकान नाय आयकल्यान. क्लॉडियस पुल्कर. मोठ्या घराण्यातलो, आणि मिजास घराण्यापेक्षा मोठी."

इसवी सनापूर्वी 249 सालची गोष्ट. रोम आणि कार्थेज यांची सिसिली बेटावरून जुंपलेली. हा क्लॉडियस त्या वर्षीचा कॉन्सल, म्हणजे वर्षभरापुरत्या राज्याच्या दोन मुख्यांपैकी एक. ड्रेपाना बंदरातल्या कार्थेजच्या आरमारावर रातोरात छापा घालायचा त्याचा बेत. पिंजरा उघडला तर कोंबड्या ढिम्म. सगळे गलबतावर चढून बसलेले आणि या बाया दाण्याला शिवेनात. क्लॉडियसचं टाळकं फिरलं. खायचं नसेल तर पिऊ देत म्हणाला आणि पिंजऱ्यासकट समुद्रात भिरकावल्या.

"देवाच्या कोंबडये दर्यात टाकल्यान?" काकीने तोंडावर हात ठेवला. "मगे होडये रवले काय तेचे?"

"त्र्याण्णव गेले."

काकीला समाधान वाटलं. वाटणारच. पण पॉलिबियस नावाचा इतिहासकार, जो या लढाईनंतर शंभरेक वर्षांनी सगळं बारकाईने लिहून गेला, तो कोंबड्यांविषयी अवाक्षर काढत नाही. तो सांगतो ते असं, की कार्थेजचा सरदार अॅडहर्बाल वेळीच बंदराबाहेर निसटला, रोमन गलबतं किनाऱ्याला दाबली गेली आणि त्यांना वळायला पाणीच उरलं नाही. कोंबड्यांची गजाल जोरात आली ती रोमन वक्ता सिसेरोच्या काळात, दोनशे वर्षांनी. मी हे काकीला सांगितलं. तिने झटकून टाकलं. "तो पॉलिबियस थंय होतो काय? नाय मां? मगे!"

सिसेरो तरी कुठे होता! पण गडग्यावर साक्षीपुरावा चालत नाही.

"तेची बहीण तर तेच्याहून वरताण," मी म्हटलं. क्लॉडियसवर खटला झाला, जबर दंड झाला. काही वर्षांनी, इ. स. पूर्व 246 मध्ये, त्याची बहीण क्लॉडिया खेळ बघून परत येताना गर्दीत अडकली. गाडीला वाट मिळेना. तर ही भर रस्त्यात ओरडली, की माझा भाऊ जिवंत असता तर आणखी एक आरमार बुडवून ही गर्दी कमी केली असती!

"आवशीचो घो! आणि लोकांनी आयकान घेतला?"

"नाय. तिकाय दंड केल्यानी. नुसत्या बोलण्यार."

"केल्यानी ता बरा केल्यानी," काकी म्हणाली, पण क्लॉडिया तिला आवडली होती हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग एकदम गंभीर होऊन तिने विचारलं, "पण गो, ते कोंबडये सांगी काय? जिततलास की हरतलास, असा?"

"नाय. आज करू की नको, इतक्याच."

"मगे ता भविष्य नाय. ता कौल."

पुस्तकांना जे सांगायला दोन पानं लागतात ते काकीने एका श्वासात सांगितलं. रोमन पक्षी पाहत ते पुढचं कळावं म्हणून नव्हे, देवाची परवानगी असावी म्हणून. पहाटे मिळालेली परवानगी त्या एका दिवसापुरतीच. नकार आला तरी तो 'आज नको' एवढाच. उद्या पुन्हा विचारता यायचं. क्लॉडियसचा गुन्हा पराभव ओळखता आला नाही हा नव्हता. देवाने आज नको म्हटलं असताना तो गेला, हा होता.

हे आमच्याकडे कोणाला शिकवायला लागत नाही. देवळात गाऱ्हाणं घालायचं, सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, गुरवाने पाषाणाला ओल्या पाकळ्या लावायच्या आणि कुठली पाकळी पडते ते श्वास रोखून बघायचं. उजवा कौल झाला तर काम धरायचं. डावा झाला तर थांबायचं, काही चुकलं असेल ते विचारायचं, पुन्हा कौल लावायचा. आपल्याच मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा पंचांगातल्या तिथीवर ठरत नाही, देवीच्या कौलावर ठरते. इथून जवळच्या आचऱ्याची गावपळण तर रामेश्वराच्या कौलाशिवाय हलत नाही. काही वर्षांच्या अंतराने अख्खा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहुट्या ठोकून राहतो. गुरं, कुत्री, कोंबड्या सगळं बरोबर. परतायचं तेही कौल झाला तरच. रोमन सिनेटरला आचऱ्याच्या वेशीवर आणून उभा केला असता तर त्याला इथे काय चाललंय ते दुभाष्याशिवाय कळलं असतं.

एकाच ठिकाणी तो गोंधळला असता. आमचा चांगला कौल उजवा. त्याच्याकडे आकाशातली खूण डावीकडून आली तर भाग्याची. लॅटिनमध्ये डाव्याला 'सिनिस्टर' म्हणतात. शकुनाच्या बाबतीत रोमनांना तो शब्द गोड वाटायचा, आणि त्यावरून आलेला इंग्रजी शब्द मात्र कपटी, अभद्र अशा अर्थाने वापरतात. ग्रीकांची शुभ बाजू उजवी. पुढे रोमन ग्रीकांचं ऐकून बदलले आणि सगळी सरमिसळ झाली. त्यातही पक्ष्यापक्ष्याचा नियम वेगळा: डोमकावळा ओरडला तर उजवीकडून हवा, साधा कावळा डावीकडून.

"ह्या कोणी ठरवल्यान?" काकीला हे पटेना.

"आपल्याकडेय होताच. वराहमिहिर म्हणान एक ज्योतिषी होतो, दीड हजार वर्साखाली. बृहत्संहितेत कावळ्याच्या ओरडण्यार तेनी एक आख्खो अध्याय लिवल्यान. सुरवातीकच सांगता, पूर्वेकडच्या लोकांक कावळो उजवीकडे बरो, दुसऱ्या देशांत उलटा."

"म्हंजे जेच्या तेच्या गावचो कावळो."

वराहमिहिराचा आशय अगदी हाच आहे. ज्या देशाची जी रीत ती लोकांकडून जाणून घ्यावी, असं तो सांगतो.

इतक्यात काकीचा झील मागच्या दाराने आला, खांद्यावर जाळ्याचा ढीग. आमचा विषय त्याने अर्ध्यातून ऐकला आणि तिथेच जाळं टाकून बसला. होडी उद्याची, पण गजाल आत्ताची. काकीने त्याच्यासाठी रोमचं मूळ विचारलं. "ह्यो गाव वसवल्यान कोणी?"

आणि मग मला जी गोष्ट सांगायला मिळाली ती सिंधुदुर्गात सांगावी अशीच आहे, कारण ती भावकीची आहे. रोम्युलस आणि रिमस, जुळे भाऊ. गाव वसवायचा, पण कुठल्या टेकडीवर, नाव कोणाचं आणि मान कोणाचा, यावर अडलं. जुळे असल्यामुळे थोरला-धाकटा करायची सोय नाही. मग ठरलं, पाखरांना विचारू. रिमस अव्हेंटाइन टेकडीवर बसला, रोम्युलस पॅलाटाइनवर. रिमसला आधी गिधाडं दिसली, सहा. त्याची माणसं नाचायला लागली तोच रोम्युलसला बारा दिसली. आता कोण जिंकलं? एक म्हणतो, मला आधी. दुसरा म्हणतो, मला जास्त.

"दोघांचाय बरोबर," झील म्हणाला. "म्हणान तर वाद मिटणा नाय."

"दावो लागलो असतो तर अजून चालू असतो," काकी.

वाद कोर्टात गेला नाही. एक कथा सांगते, रोम्युलस नव्या गावाचा गडगा घालत होता. रिमस म्हणाला, हा कसला गडगा, आणि टुणकन उडी मारून पलीकडे गेला. रोम्युलसने त्याला तिथेच मारला. माझा गडगा ओलांडेल त्याची हीच गत, असं म्हणाला म्हणे. रोमच्या परंपरेने याची तारीखही धरून ठेवली आहे, इ. स. पूर्व 753, 21 एप्रिल.

काकीने स्वतःची दोन्ही कोपरं गडग्यावरून हळूच मागे घेतली. मग हसली आणि पुन्हा ठेवली. "ते आमच्यातलेच गो. नायतर गडग्यावरसून भाव भावाक कशाक मारतलो?"

"पण आता गाव वसवचो झालो तर पंचाईत," झील म्हणाला. "गिधाडां खंय आसत?" खरं आहे. नव्वदच्या दशकात देशभरातली गिधाडं पटापट मेली. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध मेलेल्या ढोरातून त्यांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. गुरांसाठीच्या त्या औषधावर 2006 मध्ये बंदी आली, तोवर आकाश रिकामं झालं होतं. आजचा रोम्युलस सुरूच्या बनात बसून राहिला तर त्याला घारी आणि बगळे मिळतील. नशीब जोरावर असेल तर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड.

मध्येच काकीला आपली कोंबडी आठवली. तिने ती उचलली, काखेत धरली आणि गळ्याखाली बोटांनी चाचपलं. चेहरा पालटला. तिथली पिशवी टच्च भरलेली. चोच उघडून वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"तुझ्या पडवेत काय वाळत घातलंस?"

पावसाने उघडीप दिली म्हणून मी उन्हाळ्यात साठवलेला गोलमा, म्हणजे बारीक सुकी कोलंबी, सुपात पसरून पडवीत ठेवला होता. जाऊन बघितलं तर सुपाचा एक कोपरा लख्ख.

"मेलो कौल!" काकीने कोंबडी खाली सोडली. "पॉट भरलेली कोंबडी नाय म्हणतली, उपाशी कोंबडी व्हय म्हणतली. तेच्यात देवाचो काय संबंध?"

हुबेहूब हेच सिसेरोने लिहिलं आहे. तो स्वतः ऑगुर होता, म्हणजे शकुनांचा अधिकारी पुरोहित, इ. स. पूर्व 53 मध्ये त्याला हा मान मिळाला. आणि तरी शकुनविद्येवरच्या आपल्या पुस्तकात तो विचारतो, की पिंजऱ्यात कोंडून उपाशी ठेवलेलं पाखरू दाण्यावर तुटून पडलं तर त्यात देवाची खूण कसली? लापशीचा गोळा चोचीत धरला की थोडं खाली सांडणारच. म्हणजे होकार पाहिजे असेल त्याने रात्री दाणे देऊ नयेत. झालं. असं लिहूनही त्याने ऑगुरपद सोडलं नाही. राज्य चालायला ही चाल राहिली पाहिजे, असं त्याचं मत. मला यात ढोंग दिसत नाही. कौलावर विश्वास नाही म्हणणारे आमचे मुंबईकर गाऱ्हाण्याच्या वेळी हात जोडून पहिल्या रांगेत असतातच.

"म्हंजे पिंजरो जेच्याकडे, देव तेच्याकडे," झील म्हणाला.

त्यावर मला पापिरियसची गोष्ट सांगावीच लागली. इ. स. पूर्व 293. सॅम्नाइट लोकांशी अक्विलोनियाजवळ लढाई. फौज इतकी उतावीळ, की पुल्लारियसलाही राहवेना. कोंबड्या खात नव्हत्या, याने कॉन्सल पापिरियसला सांगितलं, चोचीतून दाणे सांडताहेत, शकुन उत्तम! राखणाऱ्यांच्यातच कुजबूज झाली, ती कॉन्सलच्या पुतण्याच्या कानावर गेली, त्याने काकाला सांगितलं. आता काय करायचं? लढाई थांबवली तर फौज खचणार. पापिरियस म्हणाला, मला जे अधिकृतपणे कळवलं ते शुभ आहे, तेव्हा मला आणि रोमला ते शुभच. खोटं बोलला असेल तर पाप त्याच्या माथ्यावर. आणि त्याने सगळ्या राखणाऱ्यांना नेऊन पहिल्या रांगेत उभं केलं. लढाई धड सुरू व्हायच्या आत कोणाचा तरी भिरभिरत आलेला भाला त्या खोटारड्याला लागला आणि तो आडवा. पापिरियस म्हणाला, देव हजर आहेत, गुन्हेगाराला शिक्षा झाली. तेवढ्यात समोरून एक कावळा खणखणीत ओरडला.

"आणि जितलो?"

"जितलो."

"हुशार मेलो," काकी म्हणाली. तिला क्लॉडियसपेक्षा हा जास्त पटला होता. दोघांनीही कोंबड्यांचं ऐकलं नव्हतं. एकाने पिंजरा फेकला, दुसऱ्याने कागद सांभाळला.

कागद सांभाळणाऱ्यांनी पुढे या विद्येचं काय करून ठेवलं ते विचारू नका. इ. स. पूर्व 59 मध्ये सीझर आणि बिबुलस हे दोघे जोडीचे कॉन्सल. बिबुलसला सीझरचे कायदे अडवायचे होते. सभेत गेला तर मार खाल्ला. मग हा पठ्ठ्या घरात बसला आणि दर सभेच्या दिवशी निरोप धाडायचा, की मी आकाश न्याहाळतो आहे. कॉन्सल आकाश न्याहाळत असताना सभा भरवणं नियमाबाहेर. सीझरने ती रेटून भरवली, आणि लोक बिबुलसचं नाव गाळून त्या वर्षाला 'ज्युलियस आणि सीझर यांचं वर्ष' म्हणू लागले. त्याच्याही आधी एकदा चिचुंदरी चिरकली म्हणून फेबियस मॅक्सिमसला सर्वाधिकारीपद सोडावं लागलं होतं. शकुन घेताना पूर्ण शांतता हवी. चिचुंदरीला कोण सांगणार?

"आमच्या ग्रामसभेत सोडा एक," झील म्हणाला.

काकीला आता वेगळीच शंका आली. "पण ह्या सगळ्या आता कोण बोलता? ती भाषा मेली मां?"

भाषा मेली हे खरं, तिची पाखरं मेली नाहीत. लॅटिनमध्ये 'अविस' म्हणजे पक्षी आणि 'स्पेक' म्हणजे पाहणं. दोन्ही मिळून पक्षी पाहणारा तो 'ऑस्पेक्स', आणि त्यावरून इंग्रजीत शुभ म्हणजे 'ऑस्पिशस', जो आमच्या लग्नपत्रिकांवर इंग्रजी बाजूला सोनेरी अक्षरांत असतो. ऑगुराने शकुन बघून पदावर किंवा जागेवर देवाची मोहोर उठवायची, ते 'इनॉग्युरेशन'. ऑगुर हातातल्या वाकड्या काठीने आकाशाचा एक तुकडा आखायचा, त्या आखलेल्या जागेला 'टेम्प्लुम' म्हणत. देवळाचा इंग्रजी शब्द तिथलाच. ऑगस्टस या पदवीचंही नातं रोमन लोक ऑगुराशी जोडत, आणि ऑगस्ट महिना त्या ऑगस्टसच्या नावाचा. संस्कृतवाल्यांनी तर आणखी खूश व्हावं: पक्ष्याला वेदांत 'वि' म्हणतात आणि पाहण्याचा धातू 'स्पश्'. अविस आणि स्पेक यांची ही सख्खी भावंडं.

"म्हंजे आमदार फीत कापता तेवा तेनी पाखरू बघूक होया?" झिलाने विचारलं.

"नियमान व्हय."

"फोटोवालो बघता फकस्त."

काकीचं लक्ष संस्कृतात नव्हतं. तिला म्हटलं, काकी, तूही रोज लॅटिन बोलतेस. चावी, पाव, साबण, पगार. पोर्तुगीजांनी आणलेले शब्द, आणि पोर्तुगीज ही लॅटिनची लेक. काकीने कमरेची चावी चाचपली. "लेक चावये घेवन इली, आवस खंय रवली कोण जाणे."

झील जाळं उचलायला लागला. मी विचारलं, उद्या होडी नेताना तुम्ही काही बघता का? तो म्हणाला, पाखरांच बघतो. शकुन नव्हे. लांबवर पांढरी पाखरं एका जागी घिरट्या घालून पाण्यात सूर मारायला लागली की खाली मासळीचा थवा आहे. वरची पाखरं बघून होडीचं तोंड फिरवायचं. रापणीवाले म्हातारे तर किनाऱ्यावर उभे राहून नुसत्या सुरांवरून सांगायचे, थवा किती लांब आणि कुठे सरकतोय. "ती पाखरां खोटा बोलनत नाय," तो म्हणाला. "तेंका कोण दाणे घालणा नाय."

यावर कोणालाच काही सुचलं नाही. अर्थात काकी सोडून.

"कावळो पण खोटा बोलणा नाय," ती म्हणाली. मग दहाव्याच्या गोष्टी निघाल्या. नदीकाठी पिंड ठेवायचा, माणसं मागे सरायची, कावळे झाडावर बसलेले आणि एकही उतरत नाही. मग एकेकजण पुढे होऊन सांगतो, तुझ्या लेकीचं लग्न आम्ही करू, तुझं कर्ज फेडू, तुझी गाय विकणार नाही. नेमकं काय अडलं होतं ते बोललं गेलं की कावळा शिवतो, असं म्हणतात. नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करून लावतात. पाखराने खाल्लं तर होकार, न खाल्लं तर काहीतरी राहिलंय. पुल्लारियसला हे सगळं घरचं वाटलं असतं, फक्त इथे उपाशी ठेवायला पिंजरा नाही. त्या घाटावर भावकीने दिलेली वचनं कोणाच्या सातबाऱ्यावर चढत नाहीत, पण गावात ती विसरत कोणी नाही.

"माझ्या पिंडाक काय ता आताच सांगान ठेवतंय," काकीने झिलाकडे बोट केलं. "कावळो इलो नाय तर उगाच जमिनीच्या गोष्टी करीत बसा नकात. बाजूक सुंगटांचा सार ठेवा."

"आये, सुंगटांचो भाव आयकलंस काय? तेच्यापेक्षा दर्भाचो कावळो परवडतलो," म्हणत झील जाळं खांद्यावर टाकून चालायला लागला, आणि काकी गडग्यावरून त्याच्या मागे ओरडत राहिली.